दिव्यांग प्रौढांच्या सामूहिक निवासात साथ शिरली तर काय करावे?

आपल्या प्रश्नाचा गोषवारा असा: पुण्याजवळ काही पालकांनी मिळून चालवलेल्या घरात बौद्धिक अक्षमता किंवा सेरेब्रल पाल्सी असलेली अकरा प्रौढ माणसे राहतात. त्यांच्या दिमतीला चार काळजीवाहक आणि एक स्वयंपाकीण आहे. गेल्या पावसाळ्यात फ्लूची साथ आठवडाभरात घरभर फिरली, दोघांना रुग्णालयात दाखल करावे लागले आणि तेव्हापासून पालकांमध्ये दोन तट पडले आहेत. एक गट म्हणतो, साथीची बातमी आली की फाटक बंद करावे, भेटी थांबवाव्यात आणि आजारी माणसाला वेगळ्या खोलीत ठेवावे. दुसरा गट म्हणतो, अशा वेळी ज्याने त्याने आपले माणूस घरी न्यावे. यांपैकी कोणाचे बरोबर, असे आपण विचारले आहे.

प्रौढांच्या निवासी संस्थेचे व्यवस्थापन मी बरीच वर्षे पाहत आलो आहे आणि दोन्ही उपाय मी होताना पाहिले आहेत. माझ्या मते वाद चुकीच्या जागी चालला आहे. फाटक उघडे की बंद, हा नंतरचा प्रश्न आहे. पहिला आजारी पडलेला माणूस आजारी आहे हे आपल्याला किती लवकर कळते आणि त्यानंतरचे चार-पाच दिवस त्याच्याजवळ ओळखीचे कोण राहणार, हा खरा प्रश्न आहे. या दोन गोष्टी आधी ठरलेल्या असतील तर फाटकाविषयीचा निर्णय सोपा होतो, आणि त्या ठरलेल्या नसतील तर कुलूप लावूनही साथ थांबत नाही, कारण ती बहुतेक वेळा भेटीला आलेल्या आईबरोबर येत नाही. ती रोज ये-जा करणाऱ्या आपल्याच माणसांबरोबर येते.

अर्थात बरेच काही आजारावर अवलंबून असते, आणि "साथ" म्हटले की सगळ्यांना एकच औषध लागू पडते असे समजू नये. फ्लू आणि कोविड श्वासातून पसरतात, म्हणून तिथे हवा खेळती ठेवणे, मास्क आणि अंतर यांना अर्थ आहे. डेंग्यूमध्ये माणसाला माणसापासून दूर ठेवून फारसे साधत नाही. तिथे तापाच्या पहिल्या पाच-सहा दिवसांत रुग्णाला दिवसासुद्धा मच्छरदाणीत ठेवणे आणि कूलर, कुंड्यांच्या ताटल्या, गच्चीवरची टाकी कोरडी किंवा झाकलेली ठेवणे महत्त्वाचे, कारण हा डास दिवसा चावतो. उलट्या-जुलाबांच्या साथीत हात चोळायचे सॅनिटायझर पुरत नाही, साबण आणि वाहते पाणीच लागते. खरजेची लागण झाली तर एकट्यादुकट्याला मलम लावून काहीही होत नाही. खाज सुरू व्हायला कित्येक आठवडे लागू शकतात, म्हणून घरातल्या सगळ्यांनी, काळजीवाहकांसह, एकाच रात्री औषध लावायचे आणि डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे साधारण आठवड्याने पुन्हा लावायचे असते. 2025च्या जानेवारीत सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात गियाँ-बारे सिंड्रोमचे (हातापायांतली ताकद जाण्याचा मज्जातंतूंचा आजार) रुग्ण एकदम वाढले तेव्हा संशय पिण्याच्या पाण्यावर होता आणि हा आजार एका माणसाकडून दुसऱ्याला होत नाही, तरीही काही निवासांनी भेटी बंद केल्या आणि टँकरचे पाणी मात्र न उकळता वापरणे चालूच ठेवले. म्हणून बातमी आली की पहिला प्रश्न "हा आजार कशातून पसरतो" हा विचारावा, आणि तो आपल्या डॉक्टरांना किंवा महापालिकेच्या आरोग्य केंद्राला विचारावा, व्हॉट्सअॅपला नव्हे.

आता लवकर ओळखण्याविषयी सविस्तर लिहितो, कारण घरे कमी पडतात ती इथेच. ज्याला बोलता येते तो म्हणतो, "अंग दुखतंय." ज्याला बोलता येत नाही, किंवा बोलता येते पण पोटातले दुखणे आणि कंटाळा यांत फरक करून सांगता येत नाही, त्याचा आजार वागण्यातून बाहेर येतो, आणि ते वागणे आपण "हट्ट", "नखरे" किंवा "आज मूड नाही" म्हणून सोडून देतो. आमच्याकडचे एक गृहस्थ रोज सकाळी वर्तमानपत्र आले की त्यातल्या मोटारींच्या जाहिराती शोधतात आणि प्रत्येक जाहिरात जवळच्या माणसाला दाखवतात. पेपर घडी न मोडता टीपॉयवर पडून राहिला की आमच्या मावशी थर्मामीटर घेऊन येतात. बहुतेक वेळा संध्याकाळपर्यंत ताप चढलेला असतो. दुसऱ्या एका ताईंचे आजारपण जेवणानंतर कळते: त्या एरवी सगळ्यांच्या ताटल्या गोळा करतात, त्या दिवशी करत नाहीत. हे वाचनाने कळणारे ज्ञान नाही, आणि ते एका काळजीवाहकाच्या डोक्यात असेल तर ती रजेवर गेली की तेही रजेवर जाते.

म्हणून प्रत्येक रहिवाशासाठी एक पान लिहून काढावे. त्यात निरोगी दिवशी तो किती वाजता उठतो, किती पोळ्या खातो, साधारण किती वेळा लघवीला जातो, त्याचे नेहमीचे तापमान आणि वजन किती, दुखत असेल तेव्हा काय करतो (कानावर मारणे, हात चावणे, गप्प बसणे, एरवीपेक्षा जास्त हसणे) हे असावे. साथीच्या दिवसांत सकाळ-संध्याकाळ तापमान पाहावे आणि "नेहमीसारखा" किंवा "नेहमीसारखा नाही" एवढीच खूण वहीत करावी. लांबलचक तक्ते दिले की तिसऱ्या दिवसापासून ते एकदम रात्री भरले जातात. ज्याला बोटावर ऑक्सिमीटर (रक्तातला ऑक्सिजन मोजणारा चिमटा) सहन होत नाही त्याचे श्वास तो झोपलेला असताना पूर्ण एक मिनिट मोजावेत. प्रौढ माणसाचे विश्रांतीतले श्वास मिनिटाला चोवीसच्या वर जात असतील, किंवा ऑक्सिजन 94च्या खाली दाखवत असेल, तर सकाळची वाट न पाहता डॉक्टरांना फोन करावा. ज्यांचे पाय मुळातच अधू आहेत त्यांच्यात नवी अशक्तता ओळखणे अवघड जाते, म्हणून त्यांना उचलून खुर्चीत बसवणाऱ्या माणसाला "आज नेहमीपेक्षा जड वाटला का" हे मुद्दाम विचारावे. हा प्रश्न ऐकायला विचित्र वाटतो, पण उपयोगी ठरतो.

फ्लूमध्ये आजार लवकर कळणे महत्त्वाचे असण्याला आणखी एक कारण आहे. ओसेल्टामिविर हे औषध लक्षणे सुरू झाल्यापासून 48 तासांच्या आत सुरू केले तर सर्वांत जास्त उपयोगी पडते. ज्या घरात ताप "बघू उद्या" म्हणत तिसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे जातो, तिथे ही वेळ निघून गेलेली असते. एकाच छताखाली राहणाऱ्या बाकीच्यांना प्रतिबंधासाठी ते द्यायचे की नाही, हे डॉक्टर ठरवतील. आपण पहिल्या रुग्णाच्या दिवशीच तो विषय काढावा. फ्लूची लस दरवर्षी घ्यावी लागते. आपल्याकडे पावसाळ्यात रुग्ण वाढतात म्हणून ती मे महिन्यात किंवा जूनच्या सुरुवातीला उरकावी, आणि ती रहिवाशांइतकीच काळजीवाहक व स्वयंपाकीण यांनाही द्यावी. तिचा खर्च संस्थेने करावा. "ज्याची त्याने घ्या" म्हटले की कोणी घेत नाही.

इथून मी कर्मचाऱ्यांच्या विषयाकडे येतो आणि इथे माझे मत ठाम आहे. आजारी काळजीवाहक कामावर येते, कारण न आल्यास तिचा पगार कापला जातो. तिने ताप लपवला म्हणून तिला दोष देणारे पालक मी पाहिले आहेत, पण दिवसाचा पगार बुडण्याची भीती असताना खोकला लपवण्याखेरीज ती दुसरे काय करणार? साथीच्या काळात ताप, खोकला किंवा जुलाब असलेल्या कर्मचाऱ्याला भरपगारी रजा मिळेल, हे तोंडी न सांगता लिहून द्यावे. अकरा जणांच्या घरात एका माणसाच्या पाच-सहा दिवसांच्या पगाराची तुलना रुग्णालयाच्या दोन बिलांशी करून पाहावी. दुसरी अडचण अशी की पुण्यासारख्या शहरात बरेच काळजीवाहक दोन ठिकाणी काम करतात. सकाळी तुमच्याकडे आणि रात्री एखाद्या आजोबांकडे. त्यांना जाब विचारून ते थांबणार नाही. साथीपुरते दोघांना पूर्णवेळ घेऊन, जादा मोबदला आणि झोपायला बरी जागा देऊन निवासातच राहायला सांगता येते का, ते पाहावे. आणि पर्यायी माणसांची यादी आजच करावी, म्हणजे पूर्वी काम केलेल्या मावशी, जवळ राहणारे एखाद्या रहिवाशाचे भाऊ, सुट्टीत येणारा विशेष शिक्षक. त्यांना महिन्यातून एखादा दिवस येऊ द्यावे, जेणेकरून रहिवाशांना त्यांचे चेहरे ओळखीचे राहतील.

कामाची वाटणी करताना जो रुग्णाची शुश्रूषा करील त्याने त्या दिवसांत स्वयंपाकघरात पाय ठेवू नये, आणि शक्यतो बाकीच्यांना भरवू नये. चारच काळजीवाहक असताना हे रात्रपाळीत जमत नाही, हे मला माहीत आहे. न जमल्यास निरोगी माणसांची कामे आधी आणि रुग्णाची नंतर, असा क्रम तरी पाळावा, आणि मधे हात धुवावेत.

वेगळ्या खोलीविषयी आपण विशेष विचारले आहे. खोली असावी, तिला खिडकी असावी आणि शक्य झाल्यास स्वतंत्र शौचालय असावे. पण ज्या माणसाला आयुष्यात कधी एकट्याने झोपायची सवय नाही, त्याला ताप चढलेला असताना, तोंडावर मास्क बांधलेल्या अनोळखी माणसांनी उचलून रिकाम्या खोलीत नेले, तर तो दार आपटतो, स्वतःला मारून घेतो, खाणे सोडतो, आणि मग कोणीतरी दाराला बाहेरून कडी लावते. तशी कडी कधीही लावू नये, हे मी अटीसारखे सांगतो. आग लागली किंवा फिट आली तर काय होईल, एवढाच विचार त्यासाठी पुरे आहे. त्याऐवजी त्या खोलीची सवय निरोगी दिवसांत लावावी. आमच्याकडे ती एरवी गाणी ऐकण्याची खोली आहे. प्रत्येक जण आठवड्यातून केव्हातरी तिथे दुपारची झोप घेतो, स्वतःची चादर आणि उशी घेऊन जातो. मास्कचेही तसेच: आधी काळजीवाहकाने रहिवाशाच्या समोर मास्क लावायचा, काढायचा, पुन्हा लावायचा, आणि मग त्याच्या हातात द्यायचा. थर्मामीटर, ऑक्सिमीटर आणि तपासणीसाठी नाकात कापसाची काडी घालण्याची भीती याच पद्धतीने, खेळत-खेळत, कमी करता येते. ज्याला मास्क मुळीच सहन होत नाही, किंवा तो स्वतःच्या हाताने काढू शकत नाही, त्याला तो लावू नये. त्याच्याभोवतीच्या माणसांनी लावावा. घरात कोणी ओठांच्या हालचालींवरून बोलणे समजून घेत असेल तर त्याच्याशी बोलणाऱ्याने चेहरा दिसेल असा पारदर्शक मास्क वापरावा, किंवा खिडकीजवळ अंतरावर उभे राहून मास्क काढून बोलावे.

आणि तरीही काही जण त्या खोलीत राहणार नाहीत. अशा वेळी जबरदस्तीपेक्षा दुसरा मार्ग बरा: रुग्णाला त्याच्याच खोलीत राहू द्यावे आणि खोलीतल्या निरोगी सोबत्याला हलवावे. तेही अशक्य असेल तर पलंगांत निदान तीन फूट अंतर ठेवून एकाचे डोके दुसऱ्याच्या पायांच्या दिशेला येईल असे झोपवावे, खिडक्या समोरासमोर उघड्या ठेवाव्यात आणि एक्झॉस्ट पंखा चालू ठेवावा. तिसरा-चौथा रुग्ण निघाला की वेगवेगळ्या खोल्यांचा हट्ट सोडून सगळ्या आजारी माणसांना एकत्र ठेवणे जास्त शहाणपणाचे असते, फक्त आजार एकच आहे याची खात्री झालेली असावी. कोणत्याही परिस्थितीत रहिवाशाला काय चालले आहे ते सांगितल्याशिवाय हलवू नये. चार चित्रे पुरतात: ताप, खोली, औषध, आणि पुन्हा सगळ्यांबरोबर जेवण. शेवटचे चित्र वगळू नये, कारण हे संपणार आहे एवढे कळले तर बरेच जण सहन करतात.

औषधांच्या बाबतीत काही धोके या घरांमध्ये विशेष असतात. आपल्याकडे कोणाला अपस्मार असेल तर ताप आणि उलटी हे दोन्ही त्याच्यासाठी जोखमीचे आहेत, कारण तापाने फिट येण्याची शक्यता वाढते आणि उलटीतून गोळी बाहेर पडली तर डोस चुकतो. गोळी दिल्यानंतर किती वेळात उलटी झाली तर ती पुन्हा द्यायची, हे डॉक्टरांकडून आताच लिहून घ्यावे, आणि पाच मिनिटांहून जास्त चालणाऱ्या फिटसाठी नाकात मारायचा मिडाझोलामचा फवारा त्यांनी दिला असेल तर तो कोणाच्या कपाटात आहे हे सगळ्यांना माहीत असावे. कोणी लिथियम (मनोविकारावरचे एक औषध) घेत असेल तर जुलाब-उलट्यांत शरीरातले पाणी कमी झाले की त्याची पातळी विषारी होऊ शकते, म्हणून पहिल्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञांना फोन करावा. ज्यांना गिळायला त्रास होतो त्यांना तापात झोपवून पेज किंवा सूप पाजू नये. ताठ बसवून, घोट-घोट द्यावे आणि नंतर निदान अर्धा तास बसवूनच ठेवावे, अन्यथा अन्न श्वासनलिकेत जाऊन फ्लूपेक्षा मोठा न्यूमोनिया होतो. दीर्घकाळ परिणाम करणाऱ्या गोळ्या शिऱ्यात कुस्करून देऊ नयेत. डेंग्यूची शंका असताना तापासाठी पॅरासिटामॉलखेरीज दुसरी वेदनाशामक गोळी परस्पर देऊ नये. पलंगाला खिळलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलावी.

स्वच्छतेविषयी थोडक्यात. ओआरएसचे लिटरचे पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच घालावे, पेल्यात चिमूट-चिमूट नव्हे, आणि उरलेले दुसऱ्या दिवशी ओतून द्यावे. उलटी झालेली जागा आधी साबणाने पुसून मग पाच टक्के हायपोक्लोराइटचा (ब्लीचच्या द्रवाचा) एक भाग आणि नऊ भाग पाणी या द्रावणाने ओली करून दहा मिनिटे ठेवावी. ते संडास साफ करण्याच्या ॲसिडमध्ये कधीही मिसळू नये, त्यातून विषारी वायू निघतो. व्हीलचेअर हाताने ढकलणाऱ्यांच्या चाकाच्या कडा रोज पुसाव्यात, कारण जमिनीवरची घाण तिथून थेट हातांवर आणि हातांवरून तोंडात जाते.

रुग्णालयात दाखल करण्याची वेळ आली तर त्या रहिवाशाचे पान सोबत द्यावे, आणि त्याला एक जोडपान असावे: तो कोणत्या नावाला ओ देतो, हो आणि नाही कसे सांगतो, कशाला घाबरतो, औषधे आणि मात्रा, ॲलर्जी, पालकांचे फोन क्रमांक, यूडीआयडी कार्डाची (दिव्यांगत्वाच्या सरकारी ओळखपत्राची) प्रत. सोबत ओळखीचा माणूस राहू द्यावा असा आग्रह धरावा. 2016च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाच्या कलम 8 मध्ये आपत्तीच्या प्रसंगी समान संरक्षणाचा आणि कलम 25 मध्ये उपचारात प्राधान्याचा उल्लेख आहे. 2020च्या मार्चमध्ये टाळेबंदी सुरू झाली तेव्हा केंद्राच्या दिव्यांगजन सक्षमीकरण विभागानेही काळजीवाहकांना ये-जा करण्याची मुभा द्यावी अशी सूचना काढली होती. वॉर्डाच्या दारात कायदा वाचून दाखवून फारसे होत नाही, असा माझा अनुभव आहे, मात्र "हा सोबत नसेल तर रुग्ण सलाइन ओढून काढतो" हे वाक्य परिचारिकांना लगेच पटते. दोन्ही जवळ ठेवावे. राष्ट्रीय न्यास या केंद्र सरकारच्या संस्थेच्या निरामय विमा योजनेत वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे आणि ते बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी व बहुविकलांगता असलेल्यांसाठी आहे. ज्यांचे नूतनीकरण राहून गेले असेल त्यांचे साथीपूर्वी करून घ्यावे.

आता पालकांच्या वादाकडे. फाटक पूर्ण बंद करण्याच्या मी विरोधात आहे. 2020 मध्ये अनेक निवासांत ते महिनोन्महिने बंद राहिले. त्यातून बाहेर पडलेले काही रहिवासी स्वतःच्या हाताने जेवणे विसरले होते आणि काहींनी आईला ओळखूनही तिच्याकडे पाठ फिरवली. भेटी कमी कराव्यात, त्या अंगणात किंवा व्हरांड्यात घ्याव्यात, आजारी पालकाने येऊ नये. आणि निर्बंध लावतानाच त्याची शेवटची तारीख लिहावी, ती वाढवायची असल्यास पुन्हा बैठक घ्यावी. घरी नेण्याचा पर्याय साथ शहरात आहे पण निवासात शिरलेली नाही तोवर खुला आहे. निवासात पहिला रुग्ण निघाल्यावर मात्र इतरांना घरी नेऊ नये, कारण फ्लूचा रुग्ण लक्षणे दिसण्याच्या आदल्या दिवसापासून लागण देऊ शकतो, आणि नेलेला मुलगा ती लागण बरोबर घेऊन सत्तरी ओलांडलेल्या आई-वडिलांकडे जातो. शिवाय सगळ्यांनाच घर उरलेले नाही. ज्यांचे पालक हयात नाहीत किंवा फार थकले आहेत, त्यांच्यासाठी "आपापले घेऊन जा" हा नियम म्हणजे दोन-तीन माणसांना रिकाम्या घरात मागे ठेवणे.

शेवटी एक कागद, जो आपल्या प्रश्नात नाही पण बहुधा अडेल. मूल अठरा वर्षांचे झाले की आई-वडील कायद्याने आपोआप पालक, म्हणजे त्याच्या वतीने निर्णय घेणारे, राहत नाहीत. राष्ट्रीय न्यास कायदा 1999 खाली स्थानिक स्तर समितीकडून, म्हणजे जिल्हाधिकारी कार्यालयातून, पालकत्वाचे प्रमाणपत्र घ्यावे लागते. अकरांपैकी कितींकडे ते आहे, ते या आठवड्यात तपासावे. ज्यांच्याकडे नाही त्यांचे अर्ज पावसाळ्याआधी दाखल करावेत, आणि दुसरे पालक म्हणून कोण, हेही त्याच वेळी कुटुंबात बोलून घ्यावे.